आठल्यांची घरघंटी आणि चित्रलेखाचा मेगर

मंगळवार, ७ सप्टेंबर २०२१, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटं. सिडनीच्या वेंटवर्थव्हिल उपनगरातल्या एका बैठ्या विटांच्या घराच्या बाजूच्या भिंतीशी चित्रलेखा मगदूम उभी होती आणि मीटर बॉक्समधला सेफ्टी स्विच चौथ्यांदा वर करत होती. तो चौथ्यांदा खाली पडला.

"पड," ती त्याला म्हणाली. "मला घाई नाही."

सेफ्टी स्विचचं काम साधं असतं. घरात जेवढा करंट गेला तेवढाच परत आला पाहिजे. थोडा जरी मध्येच दुसरीकडे कुठे गळाला, तरी तो घर बंद करतो आणि कोणाला कारण सांगत नाही. कारण शोधायला चित्रलेखा लागते. तिचं वय छत्तीस. गाव इचलकरंजी. वडिलांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. यंत्रमागांच्या जळालेल्या मोटरी दारात ओळीने पडलेल्या असत आणि शाळेतून आली की ती दप्तर त्यांच्यावरच टाकत असे. सिडनीला ती आली अकाउंटिंग शिकायला. शिकली, पास झाली, आणि डिग्री हातात पडेपर्यंत ऑस्ट्रेलियाला अकाउंटंट पुरेसे झाले होते. मग सत्ताविसाव्या वर्षी ती एका बिल्डरकडे अप्रेंटिस म्हणून लागली. पहिल्याच दिवशी फोरमनने तिचं नाव तीनदा म्हणून पाहिलं आणि चौथ्यांदा 'चिट' म्हणाला. त्या साइटवर ती शेवटपर्यंत चिटच राहिली. आता तिच्या नावावर लायसन्स आहे, स्वतःची व्हॅन आहे, आणि पश्चिम सिडनीतल्या मराठी मंडळींच्या चार व्हॉट्सॲप ग्रुपांवर तिचा नंबर 'आपली इलेक्ट्रिशियन' म्हणून फिरतो.

आपली म्हणून बोलावतात, त्यात एकच अडचण असते. बोलावणारा इंजिनियर असतो. धंदा सुरू केल्यापासून तीन वर्षांत इंजिनियर नसलेला मराठी ग्राहक तिला एकदाच भेटला. तो डेंटिस्ट होता आणि ती काम करत असताना त्याने तोंड उघडलं नाही. बाकीचे उघडतात. काही जण शेजारी उभे राहून ओहमचा नियम सांगतात. सिव्हिलवाले भिंतीबद्दल बोलतात. सॉफ्टवेअरवाले विचारतात, "बंद करून परत चालू केलंस का?"

लॉकडाउनने या बाबतीत तिची सोय केली होती. नियम असा होता की तातडीच्या दुरुस्तीला कामगाराने घरात जायला हरकत नाही, पण तो ज्या खोलीत असेल त्या खोलीत घरच्यांनी असायचं नाही. तिच्या कारकिर्दीत सरकारने केलेला इतका चांगला नियम दुसरा नाही, असं तिचं मत होतं. फक्त सरकारने फोन बंद केले नव्हते.

फोन वाजला. घराचे मालक हृषिकेश आठल्ये बोलत होते. मालक समोरच, दहा पावलांवर, ड्राइव्हवेत उभ्या असलेल्या गाडीत होते. घरातले सगळे पॉवर पॉइंट बंद, म्हणून वायफाय बंद, म्हणून ते लॅपटॉप घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसून मोबाइलच्या नेटवर नोकरी करत होते.

"गुड मॉर्निंग चित्रलेखा. सापडलं?"

"आत्ता बॉक्स उघडलाय."

"नाही, म्हणजे शोधायची गरजच नाहीये. रूट कॉज मी काढलाय. घरघंटी. तुला शीट पाठवलीय बघ. चौदा ट्रिप, म्हणजे चौदा वेळा स्विच पडला, त्यातल्या अकरा वेळा घरघंटी चालू होती. तू फक्त कन्फर्म कर आणि रिपोर्टमध्ये लिहून दे."

चित्रलेखाने हातमोजा काढून शीट उघडली. तारीख, वेळ, चालू असलेली उपकरणं, शेरा, आणि घरघंटीच्या रकान्याला लाल रंग. पहिली नोंद सोळा ऑगस्टची होती.

"घरघंटी कधी आणलीत?"

"गेल्या वर्षी मे महिन्यात. एक फॅमिली पुण्याला परत चालली होती, त्यांच्याकडून."

"मग मे ते ऑगस्ट, पंधरा महिने काही झालं नाही?"

"मोटरचं एजिंग होतं ना," हृषिकेश म्हणाला. "असो. दुपारी चारला ब्लॅकटाउनचा एक माणूस येऊन ती घेऊन जाणार आहे. फेसबुक मार्केटप्लेसवर विकायला टाकली होती. त्याच्याआधी मला आईला दाखवायला कागद हवाय. माझं ऐकत नाही ती. तुझं ऐकेल."

आई म्हणजे शोभाकाकू. ही सगळी भानगड काय आहे ते चित्रलेखाला त्यांच्याकडूनच कळलं, गॅरेजच्या अर्ध्या वर केलेल्या शटरमधून. शटरखाली काकूंचे मोजे आणि सपाता तेवढ्या दिसत होत्या.

"अगं, चहा ठेवलाय पिवळ्या झाकणाच्या डब्यावर. डबा पुसून घेतलाय. त्यावर ट्रे आहे. आलं घातलंय."

"काकू, कशाला?"

"कशाला म्हणजे? तू काय टपाल द्यायला आलीयस का?"

चित्रलेखा अंगणात जाऊन, मास्क हनुवटीखाली ओढून, कचऱ्याच्या डब्यावरचा चहा प्यायली. वरून लॉकडाउनची गस्त घालणारं पोलिसांचं हेलिकॉप्टर गेलं. काकू शटरच्या आतून बोलत राहिल्या. फेब्रुवारी दोन हजार वीसमध्ये तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. नातीचं भरतनाट्यमचं अरंगेत्रम पाहायचं आणि परत जायचं. अरंगेत्रम झालं नाही, विमानं थांबली, व्हिसा दोनदा वाढला. सून रुचा वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नर्स. ती बारा-बारा तासांच्या शिफ्टला. मुलगा स्टडीत. नात शिवांगी आपल्या खोलीत आयपॅडच्या शाळेत. काकूंनी घरातली सगळी कपाटं दोनदा आवरली. तिसऱ्यांदा आवरायला घेतली तेव्हा मुलानेच घरघंटी आणून दिली, आईचं मन रमावं म्हणून.

मन रमलं. फार रमलं. आधी थालीपिठाची भाजणी झाली, मग उपासाची, मग नाचणी. टूनगॅबीपासून पेंडल हिलपर्यंतचे डबे येऊ लागले. माणसं डबा गेटशी ठेवून, बेल दाबून पळत, आणि दुसऱ्या दिवशी भरलेला डबा घेऊन जात. काकू पैसे घेत नसत. पण डबा रिकामा येत नसे, हे त्यांनी आपणहून सांगितलं. कोणाचं लिंबाचं लोणचं, कोणाच्या बागेतली कोथिंबीर. एकाने मुळ्याचा पाला पाठवला. त्या माणसाचं पीठ काकूंनी जाडसर दळलं.

"आता शुक्रवारी गणपती," त्या म्हणाल्या. "अठरा किलो आंबेमोहोर धुऊन सावलीत वाळवून ठेवलाय. तेवीस घरांची उकडीच्या मोदकांची पिठी. सगळी माझ्या भरवशावर बसलीयत. आणि हा म्हणतो चारला घंटी जाणार. अगं, खरं सांगू का तुला? त्याला नको सांगूस."

"काय?"

"आज सकाळी सहाला चोरून लावली होती. किलोभर तरी काढावी म्हटलं. दोन मिनिटं चालली नि घर बंद. तेव्हापासून उठलंच नाही. मीच केलं गं हे सगळं." सपाता जरा मागे सरकल्या. "काहीतरी कर, बाई. तुझ्या हातात आहे. लिही की दुसरं काहीतरी. फ्रिज लिही."

"फ्रिजने काय केलंय, काकू?"

"जुनाच आहे तो. बदलायचाच आहे."

चित्रलेखाने कप ट्रेमध्ये ठेवला. तिच्या वडिलांच्या दुकानात दुरुस्त झालेल्या प्रत्येक मोटरीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली असायची आणि तीवर काय बिघडलं होतं ते लिहिलेलं असायचं. यंत्रमागांचे मालक म्हणत, मगदूम, 'व्होल्टेज' लिहा, आमच्या माणसाची चूक नका लिहू. मगदूम जे सापडलं तेच लिहीत. त्यापायी दोन मोठी गिऱ्हाइकं गेली. चित्रलेखाला त्या दोघांची नावं अजून पाठ होती, कारण आई ती वरचेवर घेई.

"काकू, तुम्ही मागच्या अंगणात जाऊन बसा. मी आधी घंटीच तपासते."

काकू गेल्या. जाताना तांदळाची परात बरोबर घेऊन गेल्या.

घरघंटी गॅरेजच्या कोपऱ्यात होती. क्रीम रंगाचं कपाट, वर तांदूळ घालायचं तोंड, दारावर कुंकवाचं बोट. चित्रलेखाने मागचं पत्र्याचं झाकण काढलं. आत पिठाचा कणही नव्हता. कोणीतरी नेमाने ब्रश फिरवत होतं. तिने वाकून मोटरीचा वास घेतला. हे ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही पुस्तकात नाही, पण वाइंडिंग जळायला लागलं की आधी नाकाला कळतं. इथे तांदळाशिवाय कसलाच वास नव्हता. मग तिने मेगर लावला. वायरवरच्या आवरणातून वीज कुठे गळतेय का ते हे यंत्र विजेचा दाब देऊन बघतं. काटा आकड्यांच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. मोटर ठणठणीत होती. खरं तर त्या घरात तिने तपासलेली सगळ्यात निरोगी वस्तू तीच ठरली.

तिने घरातल्या एकूण एक यंत्राचा प्लग काढला. फ्रिज, टीव्ही, किटली, इडलीच्या पिठाचा ग्राइंडर, शिवांगीच्या पलंगाशेजारचा चंद्राच्या आकाराचा दिवा. शिवांगी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली आणि दाराआडून म्हणाली, "इज इट आज्जीज मशीन? बाबा सेज इट्स आज्जीज मशीन."

"डोन्ट नो येट, मेट."

"शी विल बी सो सॅड. लाइक, सो सॅड."

आता घरात प्लगला काहीच नव्हतं. चित्रलेखाने भिंतीतल्या वायरिंगला मेगर लावला. काटा शून्यावर पडला. म्हणजे दोष कुठल्याही यंत्रात नव्हता, भिंतीतच होता. न्यूट्रल आणि अर्थ अशा दोन वायरी, ज्यांनी एकमेकींना शिवायचं नसतं, त्या कुठेतरी गळ्यात गळा घालून बसल्या होत्या. त्यामुळे घरात काहीही मोठं चालू झालं की करंट तिथून पळायचा. घरातलं सगळ्यात मोठं काय, तर घरघंटी. म्हणून चौदात अकरा वेळा तिच्यावर आळ.

ती एकेक पॉइंट उघडत गेली. घर सत्तरच्या दशकातलं होतं आणि पॉइंटही तेव्हाचेच. पिवळट पडलेले, किंचित तिरपे. तास सव्वा तास गेला. मग ती स्टडीत आली आणि टेबल पुढे ओढलं.

टेबलामागे एक पॉइंट होता. चार सॉकेटचा, यूएसबीचा, दुधासारखा पांढरा. इतका सरळ की तिने खिशातलं लेव्हल काढून लावून पाहिलं. बुडबुडा बरोबर मध्यावर. कुठलाही इलेक्ट्रिशियन टेबलामागचा पॉइंट इतका सरळ बसवत नाही. त्याला वेळ नसतो. तिने स्क्रू काढले. न्यूट्रलचं आवरण बोटभर जास्त सोललेलं होतं, उघडं तांबं अर्थच्या स्क्रूवर टेकलेलं होतं, आणि टेबल भिंतीला टेकवल्यावर मागचा प्लग ते आणखी आत दाबत होता. प्रत्येक वायरीला मात्र छापील लेबल लावलेलं होतं. लेबलं बरोबर होती.

ऑस्ट्रेलियात घरमालकाला बल्ब बदलता येतो. पॉइंट बदलता येत नाही. तो लायसन्सवाल्यानेच बदलायचा. नाहीतर दंड होतो, आणि घर जळालं तर विमावाले फोन उचलत नाहीत. हे इथल्या गोऱ्या प्लंबरपासून सगळ्यांना माहीत असतं. पटत नाही ते फक्त पुण्याहून आलेल्या इंजिनियरला.

स्टडीची खिडकी ड्राइव्हवेवर उघडत होती. गाडी समोरच होती. काचा खाली, वसंतातलं ऊन, हृषिकेशची पाठ. तिने फोन लावला.

"हृषिकेश, स्टडीतला पॉइंट कोणी बसवला?"

"कुठला?"

"टेबलामागचा. यूएसबीवाला."

"तो घराबरोबरच आला असेल."

"घर एकोणीसशे बाहत्तरचं आहे."

"हे बघ चित्रलेखा, तू आपली आहेस म्हणून सांगतो. मी बसवला. ऑनलाइन ऑर्डर केला, पिक-अप केला, मेन बंद करून, लेव्हल लावून, नीट. यूट्यूब बघून वगैरे नाही. बी.ई. इलेक्ट्रिकल आहे मी."

"कुठल्या सालचा?"

"दोन हजार चार."

"त्यानंतर किती पॉइंट बसवलेस?"

"हा पहिला."

"कधी?"

"पंधरा ऑगस्टला. रविवार होता."

चित्रलेखाने सोळा ऑगस्टपासूनच्या त्या शीटचा विचार केला. हृषिकेश बोलत होता. "बघ, सोपं आहे. तो पॉइंट तू बदल, आणि रिपोर्टमध्ये 'अप्लायन्स फॉल्ट' टाक. जनरल. घंटी चारला जातेच आहे. आईला काय कळणार? रुचाला तर अजिबात कळायला नको, ती मला जिवंत ठेवणार नाही. मॅटर क्लोज."

"मेगर काय मी तुझ्या मनाने फिरवू?"

हे वाक्य चित्रलेखाने फोनमध्ये म्हटलं आणि अर्ध्या सेकंदाने ते तिला खिडकीतून परत ऐकू आलं, मोठ्या आणि घोगऱ्या आवाजात. तिने मान वर केली. हृषिकेशचा फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता. चारही काचा उघड्या. आणि गाडीच्या मागच्या चाकाशी, हातात तांदळाची परात घेऊन, शोभाकाकू उभ्या होत्या. अंगणातली सावली सरकली म्हणून त्या तांदूळ पुढे आणत असाव्यात. हृषिकेशला त्या दिसत नव्हत्या. चित्रलेखाला दिसत होत्या, आणि काकूंना चित्रलेखा दिसत होती.

सांगता आलं असतं. 'मागे बघ' एवढे दोन शब्द पुरले असते. चित्रलेखाने घसा साफ केला.

"एकदा नीट सांग मला, मला कागदावर लिहायचंय. घरघंटीचा काही दोष नाही. दोष पॉइंटचा. आणि पॉइंट तू बसवलास. बरोबर?"

"हो गं, बरोबर! किती वेळा सांगू?"

"पुरे एवढ्याने," काकू म्हणाल्या.

हृषिकेशने इतक्या जोरात वळून पाहिलं की कोपर हॉर्नवर आपटलं. रस्त्यापलीकडच्या घरातला कुत्रा भुंकू लागला.

"आई, तू इथे..."

"फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन," काकूंनी परात गाडीच्या टपावर ठेवली. "पेढे वाटले होते मी. अख्ख्या सोसायटीत. तीन आठवडे मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंस, कागद काय काढलेस, लाल रंग काय! आणि चोर कोण, तर तू!"

"चोर काय, आई? टेक्निकल इश्यू आहे तो."

"शिवांगीऽऽ! ये गं बाहेर, तुझ्या बाबांचा टेक्निकल इश्यू बघायला!"

शिवांगी खिडकीतून डोकावली, बाबांकडे बघितलं, म्हणाली, "ओ माय गॉड, बाबा," आणि परत शाळेत गेली. लॅपटॉपमधून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "हृषि मेट, यू आर नॉट ऑन म्यूट."

पुढची दहा मिनिटं चित्रलेखाने पॉइंट बदलण्यात घालवली. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. काकूंनी नवऱ्याच्या स्वभावापासून सुरुवात केली आणि बारावीच्या क्लासच्या फीपर्यंत आल्या. हृषिकेश मध्ये मध्ये 'पण लोड जास्त होता' म्हणत राहिला. शेवटी चित्रलेखाला इचलकरंजी आवरली नाही. ती खिडकीतून ओरडली, "आता गप बस की जरा, मला स्क्रू ऐकू येईना!"

गप्प झाला. नवा पॉइंट बसला. तो किंचित तिरपा बसला, आणि तिने तो तसाच ठेवला. मेगरचा काटा जिथे जायला हवा तिथे गेला. सेफ्टी स्विच वर केला, तो वर राहिला. फ्रिज घरघरला. स्टडीत राउटरचे दिवे लागले.

"आता लोड टेस्ट," ती म्हणाली. "सगळ्यात मोठं यंत्र वीस मिनिटं चालवून बघावं लागतं."

ही टेस्ट किटली आणि हीटरवरही झाली असती. काकूंनी विचारलं नाही. त्यांनी परात टपावरून उतरवली, मास्क नाकावर सारखा केला आणि गॅरेजात गेल्या. घरघंटी सुरू झाली तेव्हा शटरखालून पांढरा धूर यावा तशी पिठी उडाली. चित्रलेखा मीटर बॉक्सपाशी घड्याळ लावून उभी राहिली. वीस मिनिटांत स्विच हलला नाही. हृषिकेश गाडीतून उतरून तिच्यापासून चार हातांवर येऊन उभा राहिला आणि त्याने हळूच विचारलं, "सर्टिफिकेटमध्ये काय लिहिणार?"

"'सदोष पॉवर पॉइंट काढून नवा बसवला. सर्किट तपासलं, सुरक्षित.'"

"आणि कोणी बसवला होता ते?"

"तसा रकाना नाही."

त्याने सुस्कारा सोडला.

"आहे तो रकाना आईकडे," चित्रलेखा म्हणाली. "आणि संध्याकाळी रुचाकडे असेल."

हृषिकेशने फोन काढून ब्लॅकटाउनच्या माणसाला मेसेज केला: सॉरी मेट, नॉट अव्हेलेबल एनी मोअर. उत्तरात अंगठा आला. मग त्याने गॅरेजच्या शटरपाशी जाऊन मोठ्या आवाजात तह मांडला. घंटी ठेवायची, पण तिचा आवाज थेट त्याच्या माइकमध्ये जातो, तेव्हा त्याच्या मीटिंगांच्या वेळी बंद. काकूंनी घंटी न थांबवताच विचारलं की त्याच्या मीटिंगा किती वाजता असतात. त्याने सांगितलं. त्या म्हणाल्या, इतक्या मीटिंगांत हा काम कधी करतो. मग बऱ्याच घासाघिशीनंतर वेळ ठरली. शिवांगीने ती आयपॅडवर मोठ्या अक्षरात टाइप करून, छापून गॅरेजच्या दारावर चिकटवली.

चित्रलेखा निघाली तेव्हा पिवळ्या झाकणाच्या डब्यावर झाकण घट्ट लावलेला आइस्क्रीमचा डबा होता. आत दोन वाट्या गरम पिठी होती. अठरा किलोंतले जेमतेम तीन झाले होते.

उरलेले पंधरा बुधवार आणि गुरुवार मिळून होतील. उद्या घरघंटी सकाळी सात वाजता सुरू होईल आणि साडेआठला बंद होईल, कारण पावणेनऊला हृषिकेशची पहिली मीटिंग आहे.